जुन्या हिऱ्याच्या अंगठीचा रास्त भाव

आजीच्या काळातली हिऱ्याची अंगठी कुणी साडेतीन लाखांना देऊ केली, तर ती महाग की स्वस्त, हे कशावरून ठरवायचे? नव्या अंगठीच्या बाबतीत दोन दुकाने फिरून भाव ताडून पाहता येतात. जुनी अंगठी एकुलती एक असते. तिच्यासारखी दुसरी शेजारच्या दुकानात मिळत नाही, आणि विकणाऱ्याचा शब्द एवढाच पुरावा हाती उरतो.

बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरसारख्या गावात हा प्रश्न जरा वेगळ्या रंगात येतो. कमलनगर, औराद, भालकी आणि पलीकडचे उदगीर हा सगळा पट्टा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला उदगीर तालुका मुंबई राज्यात गेला आणि कमलनगरचा भाग म्हैसूर राज्यात राहिला. सोयरिकी आणि बाजारहाट मात्र सरहद्द ओलांडून चालूच राहिले. मोठ्या खरेदीसाठी लोक जायचे हैदराबादलाच. त्यामुळे या भागात जुना हिरा निघाला की 'निजामाच्या काळातला आहे', 'गोवळकोंड्याचा आहे' असे शब्द त्याच्याबरोबर येतात आणि किमतीत मिसळून जातात.

ते मिसळू न देणे हीच खरी पद्धत. जुन्या अंगठीच्या किमतीत चार गोष्टी असतात: सोने, खडा, घडण आणि गोष्ट. सोने व खडा मोजता येतात. घडण पाहता येते. गोष्टीला कागद लागतो. चौघींची किंमत वेगवेगळी काढली, की मागितलेली रक्कम कुठे फुगली आहे ते दिसते.

१. जुनी म्हणजे किती जुनी

सराफी दुकानांत 'अँटिक' म्हणून मांडलेले बरेच दागिने नवेच असतात. सोन्याला मुद्दाम काळपट, मंद झिलई दिलेली असते, एवढाच त्याचा अर्थ. जुन्या वस्तूंच्या व्यापारात हा शब्द साधारण शंभर वर्षे ओलांडलेल्या वस्तूसाठी राखून ठेवतात. १९५० किंवा १९६० सालची अंगठी जुनी खरी, पण तिला शतकापूर्वीच्या वस्तूचा भाव लावणे बरोबर नाही.

शंभर वर्षांच्या रेषेला कायद्याचीही बाजू आहे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमोल कलावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते, आणि असा पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर विकता किंवा पाठवता येत नाही. परदेशात असलेल्या मुलीला किंवा सुनेला देण्यासाठी अंगठी घेणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

२. सोन्याचा हिशेब

सोन्यापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण त्याचा भाव रोज जाहीर होतो. जुन्या चिठ्ठ्यांवर तोळा, मासा, गुंज ही मापे सापडतात. ८ गुंजांचा १ मासा, १२ मासे म्हणजे १ तोळा, आणि तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. आज सराफ बोलताना १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात, म्हणून जुन्या चिठ्ठीवरचा तोळा आणि आजचा तोळा एक धरू नये.

वजनानंतर कस. २४ कॅरट म्हणजे शुद्ध सोने, २२ कॅरट म्हणजे शेकडा ९१.६, १८ कॅरट म्हणजे शेकडा ७५. हिऱ्याच्या अंगठ्या बहुधा १८ कॅरटमध्ये घडवतात, कारण सोने थोडे कडक असले तर खडा घट्ट बसतो. अंगठीच्या आतल्या बाजूला भिंगातून पाहिले तर कधी शिक्के दिसतात, आणि ते बरेच काही सांगून जातात. ब्रिटिश अंगठीवर '१५' आणि '·६२५' असा शिक्का असेल, तर ती १८५४ ते १९३२ यांमधली असण्याची शक्यता दाट आहे. तिथे १५ कॅरटचा दर्जा त्या काळातच चालू होता. भारतात जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण नियमांनी १४ कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवायला बंदी केली आणि काही वर्षांनी ती अट उठली. त्या थोड्या वर्षांतल्या अंगठीत सोने कमी कसाचे निघाले, तर सोनाराने फसवले असे लगेच म्हणू नये.

शिक्का नसणे हा दोष नव्हे. भारतीय मानक ब्यूरोचे सोन्याचे हॉलमार्किंग सुरू झाले २००० साली. त्याआधीच्या देशी दागिन्यांवर ते असणारच नाही. हॉलमार्क सक्तीचा असलेल्या जिल्ह्यांतल्या सराफाला १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी हा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक नसलेला दागिना विकता येत नाही. २ ग्रॅमपेक्षा हलके दागिने आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना सूट आहे. घरातला दागिना विकणाऱ्या कुटुंबाला ही अट लागू नाही. म्हणून जुन्या अंगठीवर कोरा करकरीत एचयूआयडी दिसला तर शंका घेण्याचे कारण नाही. तो क्रमांक सोन्याच्या कसाबद्दल बोलतो. अंगठीच्या वयाबद्दल आणि हिऱ्याबद्दल काही सांगत नाही.

शिक्का नसेल तर हॉलमार्क केंद्रात कस तपासून घ्यावा. क्ष-किरणांवर चालणारे यंत्र अंगठीला ओरखडाही न पाडता मिनिटभरात आकडा देते. ते वाचते फक्त वरचा थर. म्हणून वरचा भाग, मधले कडे आणि सांधा अशा तीन ठिकाणी तपासायला सांगावे. कडे २२ कॅरटचे आणि वरचे घर १४ कॅरटचे निघाले, तर दोन वेगळ्या दागिन्यांचे तुकडे जोडलेले असू शकतात.

३. हिऱ्याचे वय पैलूंत असते

हिरा स्वतः कोट्यवधी वर्षांचा. त्याला पैलू कधी पाडले, हे मात्र बऱ्यापैकी ओळखता येते, कारण पैलू पाडण्याची तऱ्हा हत्यारांबरोबर बदलत गेली.

सर्वांत साधा प्रकार पोलकी. खड्याचा नैसर्गिक आकार सांभाळून त्याला सपाट घासलेले असते आणि कोंदणात मागे चकचकीत पत्रा ठेवून बसवलेले असते. युरोपातून आलेला रोझ कट खालून सपाट आणि वरून घुमटासारखा, त्रिकोणी पैलूंचा. त्यानंतरचा ओल्ड माइन कट: कडा गोलसर चौकोनी, अंग खोल, वरची सपाट खिडकी लहान. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यंत्राने खडा गोल घासता येऊ लागला आणि गोल आकाराचा ओल्ड युरोपियन कट रूढ झाला. मार्सेल टॉल्कोव्स्की याने १९१९ मध्ये प्रकाश जास्तीत जास्त परत फिरावा असे प्रमाण गणिताने मांडले; आजचा ब्रिलियंट कट पुढे त्यातूनच आला.

दहापट भिंग घेऊन अंगठी उजेडात धरावी आणि खड्याच्या वरच्या सपाट खिडकीतून सरळ खाली पाहावे. ओल्ड माइन किंवा ओल्ड युरोपियन कटमध्ये अगदी मध्यभागी एक बारीक गोल ठिपका दिसतो, जणू खड्याला आरपार भोक आहे. ते भोक नसते. जुने कारागीर खड्याचे खालचे टोक अणकुचीदार न ठेवता सपाट घासत, आणि त्या सपाटीतून प्रकाश निसटतो म्हणून तिथे काळसर वर्तुळ दिसते. आजच्या हिऱ्यात ते टोक जवळजवळ बिंदूच असते. आता अंगठी हलवावी. नवा हिरा बारीक बारीक लखलखतो. जुना मोठ्या, सावकाश सरकणाऱ्या तुकड्यांनी चमकतो आणि दिव्याच्या पिवळ्या उजेडात त्यातून रंग अधिक फेकतो. दोन्ही शेजारी धरून पाहिले तर नवख्यालाही फरक कळतो.

'निजामकालीन' म्हणून दाखवलेल्या अंगठीत काटेकोर आधुनिक ब्रिलियंट असेल, तर एकतर अंगठी तेवढी जुनी नाही किंवा खडा नंतर बदललेला आहे. दोन्ही बाबतींत जुनेपणाची किंमत कमी व्हायला हवी.

४. खडा खरा का, आणि मूळचाच का

जुन्या दागिन्यांत हिऱ्याच्या जागी पांढरा नीलम, पुष्कराज, झिरकॉन किंवा नुसती काच बसवलेली सापडते. क्युबिक झिर्कोनिया १९७६ च्या सुमारास बाजारात आला, मॉइसनाइट १९९० च्या दशकाच्या शेवटी. प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे सराफी बाजारात सर्रास दिसू लागले ते तर अलीकडेच. अंगठी जुनी असली तरी तिच्यातला खडा जुना असेलच असे नाही. मूळ हिरा विकून तिथे दुसरा बसवणे हे एका बैठकीचे काम आहे.

म्हणून खड्याआधी त्याचे घर पाहावे. खड्याला धरणाऱ्या नख्या झिजलेल्या आणि कडे मात्र जाड व ताजे असेल, तर कडे बदललेले आहे. उलट कडे झिजलेले आणि नख्या टोकदार असतील, तर खडा पुन्हा बसवला आहे. सांध्याशी राखाडी डाग दिसला तर स्वस्त डाक लावलेला आहे. आणखी एक शक्यता या भागासाठी महत्त्वाची. दख्खनच्या जुन्या घरांत हिरे अंगठीपेक्षा कुड्यांत आणि नथीत अधिक असत. वाटणीत जोडीतली एकेक कुडी दोघी बहिणींना गेली आणि पुढे तिची अंगठी केली, तर हिरा जुना आणि अंगठी नवी अशी वस्तू तयार होते. तीत वाईट काही नाही, पण तिची किंमत हिरा अधिक सोने एवढीच; जुन्या अंगठीच्या घडणीचे वेगळे पैसे तिला नाहीत.

खड्यावर फुंकर घालून वाफ लगेच उडते का पाहणे, किंवा उष्णता वाहून नेण्यावर चालणारा पेनासारखा परीक्षक टेकवणे, हे प्राथमिक उपाय झाले. मॉइसनाइट त्या परीक्षकालाही चकवतो, आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर हिराच असल्यामुळे त्यातून हमखास पास होतो. त्यासाठी रत्नपरीक्षण प्रयोगशाळाच लागते. जीआयए ही संस्था सुट्याच हिऱ्याची प्रतवारी करते. आयजीआय बसवलेल्या दागिन्याचाही अहवाल देते, पण कोंदणातल्या खड्याचा रंग आणि वजन अंदाजाने नोंदवते. मोठ्या रकमेचा व्यवहार असेल तर विकणाऱ्याच्या समोर, चांगल्या कारागिराकडून खडा काढून तपासणे योग्य. बंद कोंदणातली नाजूक पोलकी असेल तर मात्र काढू नये. कोंदण मोडले की किमतीचा मोठा भाग तिथेच संपतो.

५. वजन, रंग, डाग

हिऱ्याचा कॅरट वजनाचा, सोन्याचा कॅरट कसाचा; दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. हिऱ्याचा १ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि त्याचे १०० सेंट. जुन्या चिठ्ठीवर 'रती' लिहिलेले असेल तर सावध राहावे. सोनाराची गुंज किंवा रती ०.१२ ग्रॅमची, म्हणजे सुमारे ०.६ कॅरट, ग्रहांचे खडे विकणाऱ्यांची रती सुमारे ०.९ कॅरटची. ४ रतींचा हिरा एका मापाने २.४ कॅरट, दुसऱ्याने ३.६ कॅरट होतो.

बसवलेला गोल खडा न काढताही वजनाचा अंदाज येतो. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली, मिलिमीटरमध्ये, आणि आलेल्या संख्येला ०.००६१ ने गुणायचे. व्यास ६ मिमी आणि खोली ३.९ मिमी असेल तर ६ × ६ × ३.९ = १४०.४; त्याला ०.००६१ ने गुणले की ०.८६ कॅरट. हे सूत्र आधुनिक गोल ब्रिलियंटसाठी बेतलेले आहे. जुन्या कटला ते थोडे मागेपुढे होते. रोझ कट आणि पोलकीला ते वापरूच नये. ते खडे वरून पसरट दिसतात, वजन मात्र कमी भरते.

वजन वाढले की कॅरटमागचा दरही वाढतो. सलग पाच एकर रानाला मिळणारा एकरी भाव पाच शिवारांत विखुरलेल्या एकेक एकराला मिळत नाही, तसेच हे आहे. १ कॅरटचा एक खडा आणि १० सेंटचे दहा खडे यांचे वजन सारखे. किमतीत मात्र कित्येक पटींचे अंतर. म्हणून 'एकूण हिरे दीड कॅरट' असे सांगितले तर मधला खडा केवढा आणि बाजूचे किती, हे लगेच विचारावे.

रंगाची प्रत इंग्रजी अक्षरांनी, डी पासून झेडपर्यंत लावतात. डी म्हणजे पूर्ण रंगहीन, पुढे पिवळसर झाक वाढत जाते. जुने हिरे बरेचदा के, एल, एम या उबदार पट्ट्यात येतात. पिवळ्या सोन्यात ही झाक दबते, म्हणून बसवलेल्या खड्याची प्रत एखाद-दोन पायऱ्या वर वाटते. आतल्या डागांपेक्षा कडेचा टवका जास्त पाहावा. जुन्या हिऱ्यांची कड धारेसारखी पातळ असते आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरून ती तुटते.

'जुना कट आहे, नवे पैलू पाडून घ्या' हा सल्लाही कानावर येतो. त्याचा हिशेब आधी करावा. ०.८६ कॅरटच्या खड्यातून पाचवा हिस्सा गेला तरी उरतो ०.६९, आणि बाजारात भावाची एक पायरी ०.७० वर आहे. वजन गेले, दराची पायरी उतरली आणि जुना कटही गेला. आज जुन्या कटला स्वतःचे गिऱ्हाईक आहे. टवका मोठा नसेल तर त्याला हात न लावलेला बरा.

६. गोवळकोंड्याची गोष्ट

१७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवणारा मुख्य देश भारत होता. कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींतला माल गोवळकोंड्याच्या बाजारात येई, म्हणून त्याला ते नाव पडले. हा इतिहास खरा आहे. हैदराबादेत विकलेला प्रत्येक हिरा तिथला, हे मात्र खरे नाही, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला निजामाच्याच खजिन्यात आहे.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना १८९१ मध्ये सिमल्याचा रत्नव्यापारी अलेक्झांडर माल्कम जेकब याने एक अवाढव्य हिरा ४६ लाख रुपयांना देऊ केला. २३ लाखांची ठेव दिली गेली, व्यवहार फिसकटला आणि प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात फौजदारी खटल्यापर्यंत गेले. जेकब निर्दोष सुटला. हिरा शेवटी निजामाकडेच राहिला. १८४.७५ कॅरटचा हा जेकब हिरा निजामांच्या इतर दागिन्यांबरोबर भारत सरकारने १९९५ मध्ये, सगळे मिळून २१८ कोटी रुपयांना घेतला. हैदराबादचा हा सर्वांत नावाजलेला हिरा गोवळकोंड्याचा नाही. तो दक्षिण आफ्रिकेच्या खाणीतून निघाला. १८६७ नंतर तिथला माल जगभर पसरला आणि हैदराबादच्या पेढ्यांवरही आला. १९०० नंतर घडलेल्या अंगठीत आफ्रिकेचा हिरा असण्याचाच संभव अधिक.

'टाइप टू-ए' असा अहवाल दाखवून गोवळकोंडा सिद्ध झाल्याचे कुणी सांगितले, तरी तेवढ्याने काम भागत नाही. टू-ए म्हणजे नायट्रोजन जवळजवळ नसलेला, फार नितळ हिरा. शंभरात एखाद-दोन हिरेच असे असतात आणि गोवळकोंड्याचे नावाजलेले हिरे त्यांत मोडतात. पण असे हिरे दक्षिण आफ्रिकेत आणि लेसोथोतही निघतात.

मग गोष्टीला पैसे द्यायचेच नाहीत का? कागद असेल तर द्यावेत. संस्थानी काळातली उर्दू पावती किंवा वाटणीपत्र असेल तर ते वाचून घ्यावे. त्यावरचे साल फसली असते. हैदराबादच्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १३४० फसली हे १९३०-३१ साल. रक्कम संस्थानच्या हाली शिक्क्यात आहे की ब्रिटिश कलदारात, तेही पाहावे. ७ हाली रुपये म्हणजे ६ कलदार, असा दर होता. पावतीवरचे वजन आणि खड्यांची संख्या हातातल्या अंगठीशी जुळली, तर त्या कागदाला खरोखर मोल आहे. जुळली नाही तर तो दुसऱ्याच दागिन्याचा कागद.

७. साडेतीन लाखांचा हिशेब

समजा अंगठीचे एकूण वजन ५.२० ग्रॅम, सोने १८ कॅरट, खडा ०.८६ कॅरटचा ओल्ड युरोपियन. पुढचे दर गणितासाठी धरलेले आहेत. प्रत्यक्षात त्या दिवसाचे घ्यावेत.

खड्याचे वजन ०.१७ ग्रॅम वजा केले की सोने उरते ५.०३ ग्रॅम. त्याच्या शेकडा ७५, म्हणजे ३.७७ ग्रॅम शुद्ध सोने. ग्रॅमला १०,००० रुपये धरले तर ३७,७००. तशाच रंगाच्या व प्रतीच्या जुन्या कटचा दर कॅरटला २ लाख धरला तर खडा १,७२,०००. बेरीज २,०९,७००. मागितलेल्या ३,५०,००० मधून ती वजा केली की १,४०,३०० उरतात.

ही उरलेली रक्कम कशाची, एवढाच प्रश्न आता विकणाऱ्याला विचारायचा. दुकानाचा नफा आणि कर त्यात येणारच. वस्तू व सेवा कर दागिन्यांवर ३ टक्के आहे; घरगुती ग्राहकाकडून घेतलेली वापरलेली वस्तू जशीच्या तशी विकणारा व्यापारी ठराविक अटींवर फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरू शकतो. बाकी पैसे घडणीचे. हाताने कोरलेली नक्षी शाबूत, खडा मूळचा, काळ ठरवता येण्याजोगा, सोबत कागद, असे असेल तर लाखभर जास्त देण्यात गैर नाही. कडे बदललेले आणि नख्या नव्या असतील तर त्या १,४०,३०० ला फारसा आधार राहत नाही, आणि बोलणी अडीच लाखांच्या आसपास सुरू व्हायला हवीत.

विकणारा मूल्यांकनाचे प्रमाणपत्र पुढे करील. विम्यासाठी काढलेला आकडा तशीच वस्तू दुकानातून नवी घ्यावी लागली तर किती पडेल ते सांगतो, म्हणून तो चढा असतो. तीच अंगठी सराफाकडे विकायला नेली तर तो पुन्हा विकण्याचा खर्च व धोका वजा करूनच बोलणार, आणि मोडीत दिली तर कित्येक ठिकाणी सोन्याचेच पैसे हाती पडतात. रॅपापोर्टची दरसूची १९७८ पासून व्यापारात वापरतात; तिच्यातले आकडे आधुनिक कटचे आणि मागणीचे असतात, प्रत्यक्ष सौदे बहुधा त्याखाली होतात. शिवाय २०२२ नंतर नैसर्गिक हिऱ्यांचे भाव बरेच उतरले आहेत. पाच-सहा वर्षांपूर्वीचे मूल्यांकन आजच्या सौद्याला चालत नाही.

८. पावतीवर काय हवे

भाव पटला तरी 'जुनी हिऱ्याची अंगठी, एक नग' अशी पावती घेऊ नये. सोन्याचा कस व निव्वळ वजन, मुख्य खड्याचे वजन व कट, हिरा नैसर्गिक असल्याचा स्पष्ट उल्लेख, खडा किंवा कडे बदलल्याची माहिती, अंगठीचा सांगितलेला काळ आणि प्रयोगशाळेच्या अहवालाचा क्रमांक इतके त्यावर असावे. तोंडी सांगितलेला गोवळकोंडा पावतीवर लिहायला विकणारा तयार नसेल, तर त्याचे पैसेही किमतीतून काढून टाकायला सांगावे.

खरेदी हैदराबादच्या किंवा पुण्याच्या दुकानातून झाली आणि माल वेगळा निघाला, तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. कमलनगरच्या ग्राहकाला बिदरचा जिल्हा आयोग चालतो. मुदत दोन वर्षांची. ओळखीच्या कुटुंबाकडून घरगुती व्यवहाराने घेतलेल्या अंगठीला हे संरक्षण सहसा मिळत नाही, कारण ते कुटुंब व्यापारी नव्हे. तिथे तपासणी पैसे देण्याआधी करावी, आणि प्रयोगशाळेचा खर्च कोणी सोसायचा तेही आधीच ठरवून घ्यावे.